पेट्रोल येत न्हाय

जीपवाले तात्या घरी आहेत की नाहीत, हे कळायला दार वाजवावं लागत नाही. जीपचं बॉनेट उघडं दिसलं की तात्या आहेत.

असे तात्या घोडनदीपासून दौंडपर्यंतच्या पट्ट्यात ठिकठिकाणी सापडतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे नाना. दहा-बारा एकर ऊस, दारात पोराची पांढरीशुभ्र नवी गाडी आणि गोठ्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये उंच बॉनेटची सीजे-३बी. विलीसवाल्यांनी हे मॉडेल १९५३ साली काढलं, नवं इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट उचललं, आणि पुढे महिंद्रांनी तेच आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलं. पाहुण्याला हे सगळं चहाच्या आधी ऐकावं लागतं. मधल्या काळात बहुतेकांनी पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवून घेतलं. तात्यांनी तसल्या लोकांकडे जेवायला जाणं सोडलं.

सकाळी गाडी चालू करायची म्हणजे आधी माणसं जमवावी लागतात. सेल्फ मारला की आतून नुसतं ‘टक’ येतं. मग सीटमागून हँडल निघतं. कॉलेजात जाणारा पुतण्या हौसेनं पुढे येतो, आणि तात्यांचा वर्ग सुरू होतो. “अंगठा गुंडाळायचा न्हाय! चार बोटांच्या बाजूलाच ठेव. उलटं आलं तर मनगट जाईल. आन् खालनं वर ओढायचं, वरनं दाबायचं न्हाय.” हे मात्र शंभर टक्के खरं आहे. इंजिनानं उलटा झटका दिला की हँडलभोवती गुंडाळलेला अंगठा सुटत नाही. जुन्या ड्रायव्हरांचे हात असेच मोडायचे.

चार हँडलांत गाडी बोलली नाही की गावात दोन पार्ट्या पडतात. एक करंटवाली, दुसरी पेट्रोलवाली. करंटवाले म्हणतात पॉइंट घासा, कंडेन्सर गेलाय, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला चीर असेल. तात्या जन्माचे पेट्रोलवाले. खरं तर निकाल एका प्लगवर लागतो. काढून बघायचा: कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही, ओला निघाला तर नको तेवढं पोचलंय. ओला असला की तो काकूंच्या गॅसवर, तापणाऱ्या दुधाच्या शेजारी जाऊन बसतो. काकू काही बोलत नाहीत; दूध दुसऱ्या शेगडीवर सरकवतात. कोरडा निघाला की तात्यांचा चेहरा निवडून आल्यासारखा होतो. “म्हटलं नव्हतं? पेट्रोल येत न्हाय!”

मग पंपाखालची काचेची वाटी उतरवायची. हा तात्यांचा सगळ्यात आवडता भाग. वाटी उजेडात धरून ते डोळा बारीक करतात. तळाला तांबूस गंज, त्यावर पाण्याचा पातळ थर, वर पेट्रोल. एवढं सगळ्यांना दाखवून झाल्यावर ती धोतराच्या सोग्याला पुसतात, कार्बेटरचं जेट काढून तोंडानं फुंकतात आणि आभाळाकडे धरून भोकातून सूर्य दिसतो का ते बघतात.

उन्हाळ्यात वेगळंच. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालेली जीप पारगावच्या पुलाच्या अलीकडे हमखास गुदमरते. उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ओढायला केलेला, वाफ त्याला ओढता येत नाही. उपाय एकच, पंपावर ओला फडका. तात्या गळ्यातलं उपरणं काढतात आणि प्यायच्या कॅनमधलं गार पाणी त्यावर ओततात. लग्नाला निघालेल्या काकू तहानेल्या बसून राहतात, कारण पहिला मान पंपाचा.

अलीकडे तात्यांना नवा शत्रू मिळालाय: पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल. तक्रार अगदीच पोकळ नाही. इथेनॉल हवेतली ओल धरतं, जुन्या जातीच्या रबरी पडद्यांना मानवत नाही, आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवून थेट जेटात आणून घालतं. पारावर तात्या यावर तासभर बोलू शकतात. तेच तात्या उसाला भाव मिळावा, कारखान्यांनी इथेनॉल जास्त काढावं, म्हणून सभेत पहिल्या रांगेत असतात. पोरगं एकदा म्हणालं, “तात्या, तुमचाच ऊस तुमच्या पंपाचा डायफ्राम खातोय.”

तात्यांनी क्षणभर विचार केला. “आपला न्हाय त्यो. भीमंच्या पल्याडचा असंल.”

कुणीतरी सुचवलं की गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, तर विंटेज म्हणून नोंदवा. २०२१च्या नियमानं ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. पण तशी नोंदलेली गाडी नेहमीच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच काढायची, हे कळल्यावर तात्या खवळले. शनिवारी काष्टीच्या बाजाराला काय पोराच्या गाडीतून जायचं? काकूंचं म्हणणं असं, की तो नियम ही गाडी पहिल्यापासूनच पाळते.

मध्यंतरी पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं. नवरदेवाच्या एंट्रीसाठी जुन्या जीपला आता मागणी आहे, आणि माणूस रोख घेऊन आला होता. तात्यांनी त्याला १९५३पासून सुरुवात केली, अंगठ्याचा वर्ग घेतला, करंट आणि पेट्रोल या दोन्ही पक्षांची बाजू मांडली आणि शेवटी बजावलं, “आपलं आधी सांगितलेलं बरं. ही लगेच चालू व्हायची न्हाय.”

पुतण्यानं हँडल मारलं. पहिल्याच हँडलात इंजिन धडधडायला लागलं, तेही एका लयीत, धूर नाही की फटाका नाही. गिऱ्हाईक खूश. खिशातून पाकीट निघालं.

तात्यांच्या कपाळाला आठ्या. त्यांनी कान देऊन ऐकलं, मग सीटवरून हात घालून चावी बंद केली.

“थांबा साहेब. आशी एका हँडलात ही कधी लागत न्हाय. कायतरी बिघडलंय हिचं.” आणि बॉनेटचे चाप सोडत पुतण्याला म्हणाले, “दहा-अकराचा पाना आण. आन् काकूला सांग, साहेब जेवूनच जातील.”