पुराव्यानिशी शिकवणे

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने आम्हा मास्तर लोकांची मोठी सोय करून ठेवली आहे. दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरं कुठलंही अशैक्षणिक काम शिक्षकाला सांगायचं नाही, असं 2009 सालचा हा कायदा म्हणतो. व्यवस्थेने कायद्याचा पुरेपूर मान राखला. उरलेली सगळी कामं तिने शैक्षणिक ठरवून टाकली. परसबागेतली मेथी, तांदळाच्या पोत्यांचं वजन, कुणाचं आधार कुणाच्या जन्मतारखेशी जुळत नाही याची उस्तवार, हे सगळं शैक्षणिक. शिकवणं तेवढं कुठल्या रकान्यात घालायचं, याचं पत्रक अजून यायचं आहे.

तसा आमचा मुलूख शिक्षणात पुढारलेला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने, म्हणजे शाळांच्या एका गटाने, काही वर्षांपूर्वी ज्ञानरचनावाद करून दाखवला. फळ्याकडे तोंड करून बसण्याऐवजी पोरं जमिनीवर गोल करून बसली आणि खडे, काड्या, चित्रं हाताळत आपली आपण शिकू लागली. काम खरोखर चांगलं होतं, म्हणून राज्यभरातून शिक्षक गाड्या भरभरून बघायला आले. बघून झाल्यावर त्यातले बरेच थेट रंगाच्या दुकानात गेले. मग गावोगावच्या शाळांच्या फरश्या ऑइलपेंटने रंगल्या. चुकलेल्या पोराशी बाई काय बोलतात, हे फोटोत येत नाही. फरशी येते.

आणि फोटो म्हणजे नुसता फोटो नव्हे. खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ उमटलेली हवी. खिचडी शिजताना, हात धुताना, झाड लावताना. झाड जगल्याचा फोटो कुणी मागत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. मध्ये वृक्षारोपणाचा फोटो काढताना दुसरीतलं एक पोरगं म्हणालं, "गुरुजी, ह्यो मागल्या वर्षीचाच खड्डा हाय न्हवं?" मी त्याला मागच्या रांगेत उभं केलं. निरीक्षणशक्ती अव्वल आहे पोराची, पण ती अपलोड होत नाही.

शाळेच्या आहारातल्या अंड्याचंही असंच. नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय झाला. पोरं खूश. जानेवारी 2025 मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला आणि लोकसहभागातून जमलं तर द्या, असं ठरलं. गावाने यात्रेची वर्गणी द्यायची, मंडळाची द्यायची, वर अंड्याचीही द्यायची. ती मागायला जायचं कुणी? तेही शैक्षणिकच.

खरी गंमत पोरांची नोंद ठेवणाऱ्या पोर्टलची. सांगलीकडच्या कारखान्यांवर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं फडाजवळच्या शाळेत येऊन बसतात. पोरगं समोर बसून बाराचा पाढा म्हणतंय, नाकाला शेंबूड आहे, पायात काटा आहे, पण पोर्टलला विचाराल तर ते दोनशे मैलांवरच्या आपल्या गावच्या शाळेत आहे. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती मास्तर द्यायचे ते ठरवताना, डोळ्यांसमोरचं पोर चालत नाही, आधार जुळलेलं लागतं. पट कमी भरला की मास्तर अतिरिक्त ठरतो. मास्तर गेला की तो पाढा कुणाला म्हणून दाखवायचा, हे त्या पोराने बघायचं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे अण्णांनी, 1919 साली कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. पुढे वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा. नशीब, तेव्हा आमचे साहेब नव्हते. नाहीतर मंगळसूत्र मोडण्यापूर्वी तीन सराफांची दरपत्रकं घेतली होती का, आधीचा आणि नंतरचा फोटो जोडला आहे का, उपयोगिता प्रमाणपत्र कुठे आहे, या त्रुटींची पूर्तता करता करता अण्णांचं आयुष्य गेलं असतं आणि वसतिगृह 'प्रगतिपथावर' राहिलं असतं.

एवढं असून पोरं वाचायला शिकतात, हे मात्र खरं आहे. कधी शिकतात ते वरिष्ठांना कळू देऊ नका. लगेच त्याचीही लिंक येईल. तेव्हा पालकांनो, शाळा बघायला जरूर या, पण दुपारी तीननंतर या. त्या वेळेला आमच्या गावात रेंज नसते. आम्ही वर्गात शिकवत असतो.