बिद्रीहून जर्मनीला: फिजिक्सच्या एम.एस्सी.चा शास्त्रशुद्ध मार्ग

बिद्री, बोरवडे, मुधाळ तिट्टा आणि पंचक्रोशीतल्या ज्या मुलामुलींनी बी.एस्सी. फिजिक्सची शेवटची सेमिस्टर गाठली आहे आणि ज्यांच्या डोक्यात परदेशातून एम.एस्सी. करण्याचं खूळ शिरलं आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. आपल्या जिल्ह्याला हे खूळ नवं नाही. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला आणि १९५७ साली ते केंब्रिजला गेले. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हेही कोल्हापूरचेच आणि केंब्रिजला जाऊन आलेले. मात्र हा दाखला घरी देऊ नये. 'ते नारळीकर होते, तू कोण?' या प्रश्नाला फिजिक्समध्ये उत्तर नाही.

पायरी १: गावाला विषय समजावणे

बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी सकाळी चुलते विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पोत्यात घालून दारात हजर होतील. "फिजिक्स शिकतोयस न्हवं? मग बघ की, सारखा ट्रिप हुतोय." अशा वेळी क्वांटम फील्ड थिअरीचं नावही काढू नये. मुकाट्याने स्टार्टर उघडावा. तीनपैकी एक फेज गेली की मोटार का जळते हे ज्याला सांगता येतं, त्याच्यावर गाव विश्वास टाकतं. कृष्णविवर जाणणाऱ्याला ती सवलत नाही.

पाठोपाठ आत्या विचारतील, "एम.एस्सी. कोल्हापुरात मिळत न्हाई व्हय?" मिळते. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून उभं आहे आणि तिथे फिजिक्सचा चांगला विभाग आहे. प्रश्न बिनतोड असल्याने आत्यांना चहा द्यावा.

पायरी २: देश निवडणे

अमेरिकेत फिजिक्सवाल्यांना बहुतेक वेळा थेट पीएच.डी.ला घेतात आणि पगारही देतात. नुसती एम.एस्सी. करायची तर ती सहसा स्वखर्चाने. ब्रिटनमध्ये एम.एस्सी. साधारण एका वर्षात उरकते, पण तिची फी ऐकून वडील उसाचं क्षेत्र मनातल्या मनात मोजू लागतात. जर्मनीत दोन वर्षं, १२० क्रेडिट, त्यातलं दुसरं वर्ष बहुतांशी संशोधनात आणि प्रबंधात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फीच नाही.

'फी नाही' हे दोन शब्द तिट्ट्यावर उच्चारू नयेत. संध्याकाळपर्यंत 'जर्मन सरकार पोरं दत्तक घेतंय' अशी बातमी होते. शिवाय बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. हायडेलबर्ग आणि कार्ल्सरूऽ त्याच राज्यात येतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली. तेव्हा विद्यापीठाच्या नावाइतकंच त्याचं राज्यही बघावं.

पायरी ३: गुणांचं अवमूल्यन

जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे कसाबसा पास. आपले गुण तिकडच्या मापात बसवायला 'बव्हेरियन सूत्र' वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल आणि पास होण्याच्या गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. कमाल १००, पास ४० आणि तुम्हाला ७० असतील तर उत्तर येतं २.५.

हे उत्तर घरी सांगू नये. "सत्तरचं अडीच झालं? उरलेलं कुणी खाल्लं?" असं आजोबा विचारतील आणि परदेशी प्रवेशाची माहिती विकणाऱ्या एजंटाकडे संशयाने बघतील.

याच पायरीवर एपीएस नावाचा दाखला काढायचा असतो. तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत हे त्यावरून जर्मन वकिलातीला पटतं. नोव्हेंबर २०२२ पासून तो भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे. विद्यापीठाच्या अर्जासोबत अभ्यासक्रमाचा तपशीलही जोडायचा असतो: क्लासिकल मेकॅनिक्स किती तास, इलेक्ट्रोडायनॅमिक्स किती, प्रयोगशाळा किती. तीन वर्षांत अभ्यासक्रमाची पुस्तिका आपण पहिल्यांदा उघडतो ती या वेळी. आपल्याला काय काय शिकवलं होतं, हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

पायरी ४: शिफारसपत्र

इथे वडिलांना आवरावं. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे कोणाचं, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. ते दोन दिवसांत एका संचालकांचं आणि एका माजी सभापतींचं पत्र घेऊन येतील. 'सदर विद्यार्थी आमच्या परिचयाचा असून होतकरू आहे, तरी काम करावे' असा त्यातला मजकूर. जर्मन प्राध्यापकांना हे पत्र पाठवू नये. तिकडे प्रबंधाचा विषय, प्रयोगातलं कसब आणि गणितातली गती यांवर तुम्हाला शिकवलेल्या शिक्षकाने लिहिलेलं पत्र लागतं. शिक्षक म्हणतील, "तूच लिहून आण, मी सही करतो." लिहिताना स्वतःला 'असामान्य बुद्धिमत्तेचा' म्हणण्याचा मोह होईल. एका पत्रात एकदाच म्हणावं.

पायरी ५: बारा लाख

व्हिसासाठी जर्मन ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचा खर्च आधीच भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या घरात. तिथे पोहोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात.

"म्हंजे पैसं आपलंच, आन् द्येणार आपल्यालाच, त्येबी हप्त्यानं?" हे वडील विचारतील. उसाच्या बिलावर हयात गेलेल्या माणसाला ही व्यवस्था पाच मिनिटांत समजते. फरक इतकाच, की हा हप्ता ठरल्या तारखेला येतो आणि त्यासाठी शेतकरी संघटनेला रस्त्यावर बसावं लागत नाही.

कर्ज काढायला गेल्यावर दुसरा धडा मिळतो. चार एकर बागायत आहे, नदीचं पाणी आहे, सातबारा कोरा आहे. एवढं ऐकून घेऊन बँकेचे साहेब शांतपणे विचारतात, "बिगरशेती प्लॉट आहे का?" शैक्षणिक कर्जाला शेतजमीन बँका सहसा तारण घेत नाहीत. कोल्हापुरात एक गुंठा घेऊन ठेवलेला मामा अशा वेळी अचानक घरातला सर्वांत आदरणीय माणूस होतो.

पायरी ६: सामान

तूप, पेढे, खवा आणि मटणाचं लोणचं घरीच ठेवावं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून प्रवाशाला युरोपीय संघात नेता येत नाहीत. कांदा-लसूण चटणी चालते. ती तीन पिशव्यांत बांधूनही तिचा वास बाहेर आल्याशिवाय राहत नाही. वायूंचं विसरण शिकण्यासाठी तिच्यासारखा प्रयोग नाही.

पायरी ७: तिकडे गेल्यावर

विंटर सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होते, म्हणजे इकडे गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो. पहिले दोन आठवडे पत्ता नोंदवण्यात आणि बँकेत जातील. मग दर आठवड्याला गणितांचा एक कागद येईल. अनेक विषयांत या कागदांवर निम्मे गुण पडल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. गाइडमध्ये उत्तर नसलेलं गणित तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बघाल. फोनवर घरी "अभ्यास चाललाय" म्हणावं. आई "जेवलास का?" एवढंच विचारेल.

पायरी शेवटची: निकाल

एवढ्या पायऱ्यांत फिजिक्स किती आलं, हे मोजून बघा. सातव्या पायरीवर आलं तेवढंच. म्हणून घरात बारा लाख अडकवण्याची सोय नसेल तर मामाच्या गुंठ्यासाठी भांडू नका. जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत, नाहीतर शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करा आणि पीएच.डी.ला जर्मनी गाठा. तिकडे पीएच.डी.चा विद्यार्थी बहुतेक ठिकाणी करारावर पगार घेतो आणि मग ब्लॉक्ड अकाउंटचीही गरज उरत नाही. सोय असेल तर खुशाल जा, मात्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारी माहिती विकणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. आणि दोन्ही वाटांवर क्वांटम मेकॅनिक्सची गणितं आजपासूनच सोडवायला घ्या. बाकी सगळं दुसऱ्याकडून करून घेता येतं, ती तेवढी स्वतःलाच सोडवावी लागतात.