दोन मिलिमीटर

रविवारी सकाळी कर्जत-मुरबाड रस्त्याने गेला असाल, तर निदानराव तुम्हाला भेटलेलेच आहेत. झाडाला टेकवलेली महागडी सायकल, बाजूला हेल्मेट घातलेले साठीचे गृहस्थ. एका हाताने सीट धरलेली, दुसऱ्या हातात षटकोनी पाना. पाना फिरवून झाला की चार पावलं मागे सरतात आणि गणपतीची सोंड नीट वळली का ते मूर्तिकाराने पाहावं तसे सीटकडे पाहतात. तेच ते. सायकल बिघडलेली नाही, मदतीला थांबू नका. थांबलात तर त्यांच्या बैठकीची साद्यंत हकिगत ऐकावी लागेल.

निदानरावांना सीट लागते. तशी ती सगळ्यांनाच लागते. बाकीचे लोक खोबरेल लावतात, दोन दिवस कुशीवर झोपतात आणि गप्प बसतात, म्हणजे बसता येऊ लागेल तेव्हा. निदानराव कारण शोधतात.

"दोन मिलिमीटर!" चार फाट्यावरच घोषणा होते. "सीट दोन मिलिमीटर वर होती हो! पाय पुरत नाही, म्हणून कंबर डावी-उजवी डोलते. डोललं की घासतं, घासलं की फोड." सीट दोन मिलिमीटर खाली. कडावला पोचेपर्यंत गुडघे कुरकुरतात, सीट दोन मिलिमीटर वर. कशेळ्याच्या नाक्यावर चहा येईस्तोवर सीटचं नाक दोन मिलिमीटर झुकवून होतं. इतक्या वर्षांचे हे सगळे मिलिमीटर एकाच दिशेने गेले असते, तर ती सीट एव्हाना माथेरानला पोचली असती.

त्यात गृहस्थांना भीड म्हणून नाही. कशेळ्याच्या टपरीवर कांदाभजीची ताटली हातात घेऊन ते उभ्यानेच (बसणार कसे?) समजावतात, "फोड हाडावर नाही, हाडाच्या जरा आत आहे. हे बघा, इथे." आम्ही बघत नाही. टपरीवरच्या मावशी स्टोव्हला विनाकारण पंप मारू लागतात.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. उभी हयात त्यांनी खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काढली. माल नापास झाला की टोयोटावाल्यांच्या रीतीने पाच वेळा 'का' विचारायचं आणि मूळ कारणाला हात घालायचा. इशिकावा नावाच्या जपानी गृहस्थांनी रूढ केलेली माशाच्या काट्यांची आकृती ते भजीच्या तेलकट कागदावर काढतात. एका काट्यावर माणूस, दुसऱ्यावर यंत्र, तिसऱ्यावर पद्धत, चौथ्यावर खांडस रस्त्याचे खड्डे. माशाच्या डोक्याच्या जागी काय असतं, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

दाखलेही तयार असतात. बेल्जियमचा एडी मर्क्स १९६९ साली ट्रॅकवर पडला, तेव्हापासून त्याला सीट कधी मानवली नाही. शर्यत चालू असताना पान्याने सीट वर-खाली करायचा. "बघा, मर्क्स!" असं म्हणून निदानराव खिशातला पाना चाचपतात. १९८९ची तूर द फ्रान्स तर त्यांना पाठ आहे. ३,२८५ किलोमीटरची शर्यत, लोरां फिन्यों शेवटच्या दिवशी पन्नास सेकंद पुढे, आणि अखेर हरला आठ सेकंदांनी. "कशामुळे? फोडामुळे!" फोड होता हे खरं. पण ग्रेग लेमाँडने त्या दिवशी वारा कापणारं नव्या धाटणीचं हँडल लावलं होतं, हे निदानराव सांगत नाहीत. एका हरण्याला दोन कारणं असणं त्यांना अस्वच्छ वाटतं.

पूर्वीचे शर्यतवाले चड्डीत कच्च्या मांसाचा तुकडा ठेवत, अशी एक कथा सांगतात. निदानराव माळकरी; म्हणून वाचलो. "पनीर चालेल का?" असं आमच्यातल्या एकाने विचारलं, तर ते चक्क विचारात पडले. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकट्याने सायकलवर पार केली, साधारण ४,८०० किलोमीटर. ऐकून सगळ्यांचा ऊर भरून आला. निदानराव म्हणाले, "पण सीट कितीवर होती, ते कोणी छापलंच नाही."

सीटही किती बदलल्या. आधी जेलची, गुबगुबीत. तिच्यात हाडं रुतली आणि सगळा भार मधल्या नाजूक भागावर आला. मग ब्रुक्सची कातडी, जी अंगवळणी पडायला महिनोन् महिने घेते आणि कशेळ्याच्या पावसात एका दिवसात पापड होते. मग मधे खाच असलेली. दर वेळी तोच जयघोष, "कारण सापडलं!"

मागच्या पावसाळ्यात बदलापूरची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आमच्यात आली. निदानरावांचं अर्ध्या तासाचं निरूपण तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काका, या पॅडच्या चड्डीच्या आत काय घालता?"

टपरी चिडीचूप. एवढी वर्षं या माणसाने आम्हाला काहीही ऐकवलं होतं, पण हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

"म्हणजे काय?" निदानराव ताठ झाले. "सभ्य माणूस घालतो तेच."

"काढा."

"इथे?"

पॅडची चड्डी थेट अंगाला लागूनच घालायची असते. आत दुसरी चड्डी असली की तिची शिवण घासत राहते आणि घामाने भिजलेलं कापड दिवसभर चिकटून राहतं. शिवाय मडगार्ड नाही, त्यामुळे मागच्या चाकाने उडवलेला रेतीमिश्रित चिखल नेमका तिथेच. टपरीसमोर दुधाच्या किटल्या लावलेली सायकल उभी होती, तिला दोन्ही मडगार्ड होते. घासणं, ओल, दाब आणि जंतू, सगळे मिळून फोड आणतात, असं ती मुलगी म्हणाली. निदानरावांचा चेहरा पडला. बराच वेळ भजीला हात लावला नाही. शेवटी म्हणाले, "ते निमित्त झालं. कारण वेगळं असणार."

त्यांचा कारखाना बंद कसा पडला, ते मी एकदा विचारलं होतं. पाच 'का'वाला माणूस. वाटलं, आता कागदभर मासा निघणार. ते एवढंच म्हणाले, "नोटीस लागली. तिथे कुणी पहिला 'का'सुद्धा विचारला नाही." आणि सीटकडे वळले.

आता हेही सांगून टाकतो, नाहीतर मला झोप लागणार नाही. परवा कशेळ्याच्या पुढे एक शाळकरी मुलगी सायकल रेटत चालली होती. थोरल्या भावाची असावी; सीट पार खाली, गुडघे हँडलला लागत होते. निदानराव उतरले. तिला टाच पेडलवर ठेवायला लावली, पाय सरळ झाला की नाही ते पाहिलं आणि सीट चांगली चार बोटं वर केली. गंजलेला नट सुटेना, तेव्हा चिखलात मांडी घालून बसले. ते बसणं त्यांना किती महागात पडलं असेल, ते आम्हालाच ठाऊक. मग तिच्या मैत्रिणी आल्या, मग कुणाचा धाकटा भाऊ, आणि रांग लागली. खांडस राहून गेलं, आम्ही पाऊण तास पावसात उभे. दोन मिलिमीटरचा उल्लेख एकदाही झाला नाही.

परतताना चार फाट्यावर झाला.

पुढच्या रविवारी त्यांना खांडसला जायचंय आणि मला जमणार नाही. माझी स्वतःचीच सीट लागली आहे आणि ते त्यांना कळता कामा नये. तुमच्यापैकी कुणी जाईल का? मडगार्ड लावून या, आतली चड्डी घरी ठेवा आणि दुपारपर्यंत दुसरं काही काम ठेवू नका.