एकांत हवा असेल तर मे महिन्यात या

धबधब्यासमोर एकट्याने शांत उभं राहिलं की आयुष्याचं सौंदर्य उमगतं, असं सांगणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात आंबोलीला जावं. घाटातल्या मुख्य धबधब्यापाशी तेव्हा चिंतनाला लागणारं सगळं असतं: बसायला जागा, गाडी लावायला मोकळा रस्ता, कानाला शांतता. पाण्याची मात्र एखादी ओली रेघ उरली असेल तर नशीब. सह्याद्रीतले बहुतेक धबधबे हे असे हंगामी. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो, आणि सड्यावरून मिळेल त्या वाटेने खाली धावतो. नेमकी तेव्हाच माणसंही येतात. धबधबा आणि एकांत यांची पत्रिकाच जुळत नाही. तेव्हा सौंदर्य पाहायचं तर ते गर्दीत, ओल्या मोज्यांनिशी आणि कांदाभजीच्या वासातच पाहावं लागणार. आणि ते तसंच जास्त चांगलं दिसतं, असं माझं म्हणणं आहे.

आंबोलीचा धबधबा सावंतवाडी–बेळगाव रस्त्याला खेटूनच कोसळतो, त्यामुळे निसर्गाच्या रौद्र संगीताला ट्रकच्या हॉर्नची साथ असते. पायऱ्यांवर उभा राहून एखादा गृहस्थ वर बघतो, तोंड किंचित उघडतो, जीवन क्षणभंगुर आहे असं काहीसं त्याच्या मनात येऊ लागतं, एवढ्यात माकड त्याच्या हातातलं कणीस पळवतं. मग ते कठड्यावर बसून, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, एकेक दाणा सोलून खातं. क्षणभंगुरता इतक्या थोडक्यात दुसरं कोण समजावणार? पुढे धुकं उतरतं आणि अख्खा धबधबा गायब होतो, नुसता आवाज उरतो. दहा मिनिटांनी पडदा सरकला की कधी एकमेकांचं तोंड न पाहिलेली पन्नास माणसं एकदम ‘अरे वा!’ म्हणतात. एकट्या माणसाला हे ‘अरे वा’ मनातल्या मनात म्हणावं लागतं, आणि त्यात निम्मी मजा जाते.

यावर कोणी म्हणेल, जोगला जा. जरूर जा, पण तिथे शरावतीचं पाणी वरच्या लिंगनमक्की धरणात अडतं आणि वीज करायला जातं. २५३ मीटरची उडी भरात पाहायची तर पावसाळाच गाठावा लागतो. म्हणजे पुन्हा गर्दी आलीच. दूधसागर रेल्वेतून दिसतो खरा, पण खिडकीत आधीच चार डोकी असतात. बाटल्या फोडणाऱ्यांचं काय, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यांना मी गर्दीत धरत नाही. तो पोलिसांचा विषय.

ज्यांना शांतताच हवी त्यांच्यासाठी आंबोलीतच हिरण्यकेशीचा उगम आहे. गुहेत महादेव, गुहेतूनच पाणी. त्याच डोंगरावरचा पाऊस, पण अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना हे पाणी पूर्वेला वळतं आणि घटप्रभा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागरापर्यंत पायपीट करतं. उडी नाही, गाजावाजा नाही, म्हणून फोटोही नाही. चिंतन करायला आलेली मंडळी थोड्याच वेळात ‘मेन धबधबा कुठे?’ असं विचारत गाडीकडे वळतात. त्यांनी निराश होऊ नये. घटप्रभेला मिळाल्यावर हेच पाणी गोकाकला ५२ मीटर खाली उडी टाकतं, आणि तिथेही पावसाळ्यात उभं राहायला जागा नसते.