वरून तरुण, खालून पेन्शनर

मिशिगनमध्ये स्थिरावलेल्या मराठी माणसाच्या दारात कोणती गाडी कधी येणार, हे जवळपास ठरलेलं असतं. आल्या आल्या जुनी जपानी सेडान, मुलं झाली की मिनीव्हॅन, आणि मुलं स्वतः गाडी चालवायला लागली की पिकअप ट्रक. हा ट्रक नेमका कशासाठी, हे बायकोला शेवटपर्यंत पटत नाही. नवरा म्हणतो, "सामान आणायला." असं कुठलं सामान इतकी वर्षं आलं नाही म्हणून संसार अडला होता, असं ती विचारते आणि नवरा गॅरेजमध्ये निघून जातो. मराठी मंडळाला मात्र ट्रकचं प्रयोजन तो दारात आला त्याच दिवशी कळतं. गणपतीचं मखर, दिवाळीच्या कार्यक्रमाचे स्पीकर, नाटकातला अख्खा दिवाणखाना, सगळं तुमच्या नावावर लागतं. "तुमच्याकडे ट्रक आहे ना?" अशी फोनची सुरुवात झाली, की कुणीतरी सोफा विकत घेतलाय असं खुशाल समजावं.

माझा ट्रक गडद निळा. वरून पाहाल तर कालच शोरूममधून आलाय असं वाटेल. हप्ते चालू, सीटवरचा नवा वास शाबूत. तेल बदलायला नेला तेव्हा गॅरेजवाल्याने तो लिफ्टवर चढवला आणि मला हाक मारली. इथले मेकॅनिक गिऱ्हाइकाला सहसा आत घेत नाहीत, विम्याची भानगड असते. आपणहून बोलावलं तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

खाली उभं राहून वर पाहिलं. ट्रकची फ्रेम, म्हणजे आपले मेकॅनिक जिला चासी म्हणतात ती, दोन लांबच लांब पोलादी तुळयांची असते. इंजिन, केबिन, मागचा हौदा, सोफा, मखर, सगळा भार तिच्यावर. त्या तुळयांवरचा काळा लेप जागोजागी सुटून लोंबत होता आणि जोडांच्या कडेने भगवी रेघ उमटली होती. मेकॅनिकने हातोडीने हलकेच टकटक केलं, तर तळहाताएवढी खपली माझ्या बुटावर पडली. "हे बरं नाही," तो म्हणाला. मिशिगनचा माणूस गंजाबद्दल एवढंही बोलला, म्हणजे प्रकरण पुढे गेलं होतं.

मग विक्रेत्याच्या सर्व्हिस विभागात गेलो. तिथला तरुण सल्लागार इतका नम्र होता, की पैसे मिळणार नाहीत हे मला तो बोलायच्या आधीच कळलं.

"सर, हा सर्फेस रस्ट आहे. वरवरचा."

"तो आत कधी जातो?"

"ते वापरावर अवलंबून आहे, सर."

"मी फक्त रस्त्यावर चालवतो हो."

"तेच तर ना, सर!"

त्याने पुस्तिका उघडून दाखवली. गंजाची वॉरंटी होती, नाही असं नाही. ती बॉडीच्या पत्र्याला होती, आणि पत्र्याला गंजून आरपार भोक पडलं तरच. फ्रेम पत्र्यात मोडत नाही. म्हणजे दार गंजून त्याला भोक पडलं तर नवं दार मिळेल, पण ते दार ज्या सांगाड्यावर बसवायचं तोच मोडला, तर दार काखोटीला मारून घरी चालत जायचं.

असं नेहमीच होतं, असं मात्र नाही. टोयोटाने २००८ मध्ये १९९५ ते २००० सालच्या टॅकोमा ट्रकांच्या फ्रेमची वॉरंटी वाढवली, आणि ज्यांच्या फ्रेम पार गेल्या होत्या ते ट्रक बाजारभावाच्या दीडपटीने परत घेतले. पुढच्या पिढीतल्या टॅकोमा, टुंड्रा आणि सेकोया मिळून सुमारे १५ लाख गाड्यांसाठी २०१६ मध्ये न्यायालयात तडजोड झाली. तिची अंदाजित किंमत ३४० कोटी डॉलरपर्यंत जात होती. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण भोकं पडलेल्या फ्रेम बदलून देण्याचं मान्य केलं. माझा ट्रक त्या घराण्यातला नाही. पण गंजका ट्रक दीडपटीने विकणाऱ्या त्या भाग्यवंतांचा विचार मनात आला, की हप्ता भरायच्या दिवशी माझी झोप उडते.

आता हा गंज येतो कुठून, तर मिठातून. आणि मीठ येतं कुठून, हे ऐकण्यासारखं आहे. डेट्रॉईट शहराच्या खाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची खाण आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटला आणि आपलं मीठ इथेच ठेवून गेला. ही खाण शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. वर अमेरिकेची मोटारनगरी, तिच्या बरोबर खाली मोटारीचा काळ! वरच्या मजल्यावर ट्रक बनवायचे, तळघरातून मीठ काढायचं, ते हिवाळ्यात रस्त्यावर ओतायचं, त्याने ट्रक सडवायचे, की वरच्या मजल्याला पुन्हा काम. कुणी मुद्दाम आखलेलं नाही, पण आखलं असतं तरी यापेक्षा चोख जमलं नसतं. त्यातही कडी म्हणजे, खाणीत चालणारी मोठी यंत्रं सुटी करून विहिरीतून खाली उतरवतात आणि तिथे जोडतात. ती सहसा परत वर येत नाहीत.

साध्या मिठाने बर्फ वितळतो तो साधारण उणे ९ अंशांपर्यंत. त्याखाली पारा गेला, की त्यात मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. ही मंडळी जास्तच चिवट. ती हवेतली वाफ ओढून घेतात आणि फ्रेमला कोरडं होऊ देत नाहीत. मीठ रस्त्याला चिकटून राहावं म्हणून काही ठिकाणी बिटाचा रस घालतात, आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये चीज कारखान्यांतलं खारं पाणीसुद्धा शिंपडून झालंय. माझ्या फ्रेमने हिवाळाभर काय काय खाल्लं, याची यादी केली तर एखाद्या बऱ्या हॉटेलचं मेन्यूकार्ड होईल.

फ्रेमच्या तुळया बऱ्याचदा आतून पोकळ असतात. त्यांना बाजूने भोकं असतात, त्यातून खारट चिखल आत शिरतो आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, त्याची खपली सुटते, आणि खालचं कोरं लोखंड पुढच्या घासासाठी उघडं पडतं. ॲल्युमिनियमचं बरं असतं. त्याच्या अंगावर जो थर धरतो तोच त्याचं रक्षण करतो. फोर्डने २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची केली, पण फ्रेम पोलादाचीच ठेवली. थंडी कडक असली की गंजाचाही वेग मंदावतो, ऊब मिळाली की तो पेटतो. आमच्या एका मित्राने ट्रकला हीव भरू नये म्हणून गॅरेजला हीटर बसवला. त्याचा गंज सध्या ठणठणीत आहे.

माझी व्यथा कानावर गेली आणि सल्ले सुरू झाले. एकाने विजेवर चालणारं एक खोकं सुचवलं, बॅटरीला जोडलं की म्हणे गंज थांबतो. जहाजाच्या तळाला आणि जमिनीतल्या पाइपांना विजेने वाचवता येतं हे खरं, कारण ते चोवीस तास पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात. ट्रक हवेत उभा असतो. त्यात वीज फिरायची तर ट्रक तळ्यात बुडवून ठेवायला हवा. दुसऱ्याने काळं रबरी कोटिंग मारून घ्यायला सांगितलं. ते कोऱ्या लोखंडावर ठीक, गंजावर मारलं तर गंजाला छप्पर मिळतं आणि तो आत निवांत काम करतो. शेजारी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा आहेत. त्यांच्या तरुणपणी लोक काढलेलं जुनं इंजिन ऑइल चासीला फासायचे आणि मग धूळ बसावी म्हणून मातीच्या रस्त्यावर एक चक्कर मारून यायचे. आता तसं करू नये. ते तेल पावसाबरोबर ओघळून तळ्यात जातं, आणि त्याच तळ्यातले मासे आजोबा रविवारी धरतात.

उपाय सांगितला तो आईने, रत्नागिरीहून, व्हिडिओ कॉलवर. खाऱ्या वाऱ्यात खिडक्यांचे गज आणि गेटच्या बिजागऱ्या सांभाळण्यात जिचा जन्म गेला, तिला सर्व्हिस सल्लागार काय शिकवणार? फ्रेमचा फोटो पाहून ती म्हणाली, "अरे, हे तर विळीला होतं तेच. पावसाळ्याआधी पुसून तेल लावून ठेवायचं. पाणी लागल्यावर मग बोंबलून काय उपयोग?"

चौकशी केली तर इथले जाणकारही तेच सांगत होते, फक्त पैसे घेऊन. मेंढीच्या लोकरीतून लॅनोलिन नावाची चरबी निघते, तिचा फवारा करून फ्रेमवर मारतात. ती वाळत नाही, ओलसर राहते, आणि लोखंड आणि खारं पाणी यांची गाठ पडू देत नाही. लांब नळीला चहूकडे फवारणारं तोंड लावून ती तुळईच्या पोकळीत मारायची, कारण खरा रोग तिथे. मीठ पडायच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि दर वर्षी. मधल्या काळात पारा शून्याच्या वर गेला की खालून पाणी मारून घ्यायचं. पहिले काही दिवस ट्रकला ओल्या मेंढीचा वास येतो. बायकोने नाकाला पदर लावून "सामान आणायला घेतला होता, की मेंढरं?" असं विचारलं. मंडळाचे फोन मात्र त्या आठवड्यात कमी झाले, तेव्हा वासाचे फायदेही लक्षात घ्यावेत.

पडलेली खपली परत चिकटत नाही. तारेच्या ब्रशने खरवडायचं, गंजरोधक लावायचं, वर तेल, आणि उरलेलं लोखंड शक्य तितकी वर्षं टिकवायचं. हे काम जमिनीवर पाठ टेकून करायचं असतं. ट्रक निदान लिफ्टवर तरी चढवता येतो, माझ्या पाठीची तशी सोय नाही.

आता तुमच्यापैकी कोणी अमेरिकेच्या उत्तरेकडचा किंवा कॅनडातला वापरलेला ट्रक घेणार असेल, तर एवढंच ऐका. रंग, सीट, स्क्रीन, गाणी सगळं नंतर बघा. आधी खाली चटई टाकून आडवे व्हा. मागच्या चाकांच्या वरची फ्रेम आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे जोड टॉर्च लावून पाहा, हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर पुढचं बोला, बद्द आला तर उठा. फ्रेमवर ताजा काळा रंग दिसला तर दुप्पट ठोका. आणि ठोकलेलं विकणाऱ्याला चालत नसेल, तर तो ट्रक घेऊ नका.