पाणी चढत नाही हो!

पाऊस जरा लांबला की मुंबईकर सकाळी चहाबरोबर धरणांची टक्केवारी वाचतो. तानसा, भातसा, वैतरणा ही नावं त्याला तोंडपाठ. ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथे उन्हाळ्यात टँकर फिरतात, ही बातमी मात्र आतल्या पानावर. बरोबरच आहे. दरवर्षी घडतं त्याला बातमी कोण म्हणेल?

तानसा बांधून झालं 1892 साली. तेव्हापासून इथलं पाणी मुंबईला चाललंय. आत माणूस उभा राहील एवढाल्या जलवाहिन्या, आणि त्यांच्या कडेने डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी घेतलेल्या पाड्यावरच्या बाया. कुठे पाइप गळला तर तेवढीच चंगळ. पण दुरुस्तीवाले मेले फार तत्पर!

पाड्यांना पाणी का नाही, याचं कारण शास्त्रीय आहे. धरण खाली, पाडे टेकडीवर. पाणी चढत नाही हो! चढवायचं तर पंप आला, पंपाला वीज आली आणि बिल ग्रामपंचायतीच्या बोडक्यावर. आता, भातसाचं पाणीही पिसे इथे पंपानेच उचलून पांजरापूरला शुद्ध करायला नेतात. पण ते मुंबईचं. मुंबईचं नाव काढलं की पाण्यालाही दम लागत नाही.

यावर तोडगा निघाला आहे. तीन धरणांच्या तालुक्यासाठी पाणी आणायचं ते नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून. उंचावरून, उताराने, विजेशिवाय. योजना खरंच चांगली आहे, हा टोमणा नव्हे. अडचण एवढीच की पाणी उतारावरून येणार असलं तरी फाइल चढावरून जाते.

दरम्यान 2019 साली जल जीवन मिशन आलं. घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर. (शहरातल्या माणसासाठी निकष 135चा. शहरात घाण जास्त असते, हे सरकारलाही मान्य दिसतं.) कित्येक अंगणांत सिमेंटचा खांब उभा राहिला, त्याला तोटी लागली. बकरी बांधायला इतका पक्का खुंटा आजवर कुठल्याच सरकारने दिला नव्हता. मोजणीत नळ धरतात, कारण तो फोटोत हलत नाही. पाण्याचं तसं नाही, ते यावं लागतं.

शौचालयंही अशीच मोजून झाली. राज्याचा ग्रामीण भाग 2018 सालीच हागणदारीमुक्त जाहीर झाला. दोन शोषखड्ड्यांचं शौचालय, एका वेळेला दोनेक लिटर पाण्यात भागतं. पण उन्हातून आणलेल्या हंड्यातले ते दोन लिटर भातात घालायचे की भांड्यात ओतायचे, हे ठरवायला बाईला समिती नेमावी लागत नाही. त्यामुळे शौचालयात रचलेला लाकूडफाटा भर पावसातही कोरडा राहतो.

अंगणातल्या अशाच एका तोटीच्या खांबावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘पाणी जपून वापरा’. शेजारी बसलेल्या आजीला ते वाचून दाखवलं.

“जपलाय ना दादा,” आजी म्हणाली, “आजून येक थेंब पन काढला नाय.”