सी विंगमधल्या काकू वजनं उचलतात म्हणे!

अगं, ऐकलंस का? सी विंगमधल्या काकू डेडलिफ्ट मारतात! वय ५६, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि ही थेरं. ‘मारतात’ हा शब्द माझा नव्हे बरं, त्यांचाच. आमच्या वेळी बायका फार तर थापा मारायच्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कहरच झाला. वाण काय, तर व्यायामाचा रबरी पट्टा! माझ्या वाट्याला पिवळा आला. पिवळा म्हणजे अगदी मऊ, नवख्यांसाठी. घरी बोलावून अपमान! वर उखाणा काय घेतला माहितेय? ‘वीस किलोचा बार, पाच-पाचच्या प्लेटी दोन, अमुकरावांचं नाव घेते, मला अडवतंय कोण!’

ओट्यावर सोनाराकडे असतो तसा इवलासा काटा, त्यावर पनीर. १०० ग्रॅम पनीरात अठराएक ग्रॅम प्रोटीन, अंड्यात सहा, आणि ज्याच्यावर आपण जन्मभर तृप्तीचे ढेकर दिले त्या वाटीभर वरणात जेमतेम पाच-सहा. आयसीएमआर वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगते, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. काकूंचं तेवढ्यावर भागत नाही. पूर्वी त्यांच्याकडे आग्रह व्हायचा पुरणपोळीवरच्या तुपाचा. परवा झाला तो ‘अजून एक उकडलेलं घे, पिवळ्यासकट’ असा. ऐन चातुर्मासात!

वाटलं, काकूंच्या ८१ वर्षांच्या सासूबाई तरी घराची अब्रू राखतील. त्या हात न टेकता खुर्चीतून दहादा उठबस करतात. मोजून! अशा एकेका उठबशीला म्हणे ‘रेप’ म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनाच म्हणे सांगते की आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना राबवा, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळायचे व्यायामही तीनदा करा. आता एवढी मोठी संस्थाच फूस लावतेय म्हटल्यावर दाद मागायची कुणाकडे?

काकांचा विरोध होता. ‘या वयात तीस किलो? कंबर धरली तर? आणि दंड पैलवानासारखे होतील ते वेगळंच!’ (नाही होत. पुरुषी संप्रेरक बायकांत तेवढं नसतंच. दोन वर्षं बघतेय, काकूंचे ब्लाउज अजून तेच आहेत.)

तर परवा मी साखर मागायला गेले, तेवढ्यात गॅसवाला दारात भरलेला सिलिंडर टेकवून निघून गेला. आतला गॅस १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन. तीसच्या आसपास जातो तो. काका पेपरातून मान न काढता म्हणाले, ‘अगं, आत घे गं तेवढा.’ वीस वर्षं हेच म्हणत आलेत, तेव्हा कुणाच्या कमरेची काळजी नव्हती. काकूंनी पदर खोचला, पाय सिलिंडरला भिडवले, पाठ ताठ ठेवून कंबर मागे नेली, श्वास धरला आणि उचलला. ओट्याखाली ठेवून म्हणाल्या, ‘एक रेप.’

रिकामा बाहेर काढायचं मात्र काकांकडे आलं. तो पंधराएक किलोचा असतो. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी, असं काकूंच्या ट्रेनरचं मत आहे म्हणे.